छंदाचा धंदा: ४०० डॉलर आणि ४० लाख रुपये

घरून वस्तू करून विकणाऱ्यांना भारतात जीएसटीचा जाच, अमेरिकेत मात्र सगळं मोकळं, असं मायदेशातल्या चर्चेत हमखास ऐकू येतं. इथले, म्हणजे अमेरिकेतले, नियम पाहता ते पटत नाही. भारतात राज्यातल्या राज्यात माल विकणाऱ्याला बहुतेक राज्यांत ४० लाखांच्या उलाढालीपर्यंत नोंदणीच लागत नाही. इथे निव्वळ नफ्याची ९२.३५ टक्के रक्कम ४०० डॉलर झाली की स्वयंरोजगार कर सुरू: त्या रकमेवर १५.३ टक्के. आयकर त्याशिवाय.

आणि त्याआधी ठरवायचं, हा छंद की धंदा? समजा, मातीची भांडी ६,००० डॉलरला विकली. माती आणि ग्लेझ (भांड्यांवरचा चकचकीत लेप) १,५००, स्टॉलचं भाडं आणि टपाल २,५००. धंदा मानला तर नफा २,००० आणि स्वयंरोजगार कर साधारण २८३ डॉलर. छंद ठरला तर हा कर नाही, पण वजा होते फक्त मालाची किंमत. म्हणजे ४,५०० डॉलरवर आयकर, खिशात २,००० उरले असले तरी!

पाचपैकी तीन वर्षं नफा दिसला तर धंदा आहे असं इथलं करखातं गृहीत धरतं. वर्षानुवर्षं तोटा दाखवून तो पगारातून वजा करणारे इथेच अडकतात. वेगळं बँक खातं, प्रत्येक पावती, तोट्याची वस्तू बंद केल्याची नोंद, हे पहिल्या दिवसापासून हवं. घरातल्या जागेची वजावट सोप्या पद्धतीने चौरस फुटाला ५ डॉलर, ३०० चौरस फुटांपर्यंत. पण ती जागा फक्त कामाचीच हवी. ज्या टेबलावर रात्री जेवायला बसता, ते चालत नाही.

एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावर असाल तर कर भरला म्हणून हा जोडधंदा कायदेशीर होत नाही. हे आधी तपासा.

भारतातली खरी अडचण मर्यादेची नाहीच. कोल्हापूरहून बेळगावला घरगुती मसाल्याचं एक पाकीट विकलं की उलाढाल कितीही लहान असो, नोंदणी बंधनकारक. काही हस्तकला वस्तूंना यातून सूट आहे, मसाल्याला नाही. ती सूट सगळ्याच छोट्या घरगुती मालाला का नको?