‘सोय फुकट आहे, पालकच लाजतात’ : या मेसेजात काय सुटलंय?

कोल्हापुरातल्या पालकांच्या ग्रुपवर मुलांच्या मानसिक आजारांवर एक मेसेज फिरतोय : ‘14416 वर फोन फुकट, सरकारी दवाखान्यात उपचार फुकट, शाळेत समुपदेशक आहे. पोरं खचतात ती आईबापाच्या लाजेपायी.’

लाजेचा भाग खोटा नाही. आधी देवऋषी, मग डॉक्टर हा क्रम अजून सुटलेला नाही. पण लाज सोडून आलेल्यांचं पुढं काय होतं, ते मेसेजात नाही.

14416 हा टेलिमानसचा, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर खरा आहे. ऑक्टोबर 2022 पासून तो चालू आहे आणि रात्री दीडला पोरगं रडत बसलं असेल तर लावावाच. फोनवरचा समुपदेशक ऐकून घेतो, धीर देतो, पुढं पाठवतो. पाठवायचं कुठं, इथं गाडी अडते.

‘दवाखान्यात फुकट’चा हिशेब करू. नैराश्यासाठी सीबीटी (विचार आणि वागण्याच्या सवयी बदलायला शिकवणारा, बोलून करायचा उपचार) द्यायची तर साधारण 12 सेशन, आठवड्याला एक, पाऊण तासाचं. एक मानसशास्त्रज्ञ दिवसाला 6, आठवड्याला 30 मुलं बघेल. एकही सुट्टी न घेता वर्षाला झाली 130. बुद्ध्यांक चाचण्या आणि दाखले यात धरलेच नाहीत. 2015-16 च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात 13 ते 17 वयाच्या 7.3 टक्के मुलांत मानसिक आजार दिसला. जिल्ह्यात या वयाची तीन लाख मुलं धरली तर हा आकडा 22 हजारांच्या घरात जातो. सगळ्यांना सेशन लागणार नाहीत, निम्मी वगळा. तरी जमतंय का बघा.

मग सेशनच्या जागी नुसती गोळी येते. फ्लुओक्सेटिन या नैराश्यावरच्या गोळीचा गुण यायला 4 ते 6 आठवडे लागतात. आणि अस्वस्थपणा, मरणाचे विचार वाढताहेत का, हे बघायचं असतं ते नेमकं सुरुवातीच्या आठवड्यांत. तारीख दीड महिन्यानंतरची मिळाली तर बघणार कोण? चंदगडहून कोल्हापूर शंभर किलोमीटरच्या पुढं. एसटीचं अर्धं तिकीट धरूनही आईचा रोज बुडतो, पोराची शाळा बुडते. तिसऱ्या तारखेला ती आली नाही, तर त्याला लाज म्हणायचं?

शाळेचं थोडक्यात. सर्वोच्च न्यायालयानं जुलै 2025 मध्ये 100 किंवा जास्त विद्यार्थी असलेल्या संस्थांत पात्र समुपदेशक हवा असं सांगितलं. वाडीवस्तीवरच्या शाळेचा पटच तेवढा नसतो. दोन दिवसांचं प्रशिक्षण घेतलेले गुरुजी मायाळू असतील, समुपदेशक नव्हेत.

पोराला दवाखान्यात भरती करायची वेळ आली तर काय, याचा तर मेसेजात उल्लेखच नाही. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यानं अल्पवयीन मुलाला मोठ्यांपासून वेगळी जागा हवी, सोबतीला कायम घरचं किंवा नेमलेलं माणूस हवं, आणि 72 तासांत याच कायद्याखालच्या मानसिक आरोग्य पुनरावलोकन मंडळाला कळवायला हवं. कोल्हापूरला जवळचं प्रादेशिक मनोरुग्णालय रत्नागिरीत, आंबा घाट उतरून.

पहिल्याच भेटीत तीन गोष्टी विचारून केसपेपरवर लिहून घ्या : सेशन कोण घेणार, पुढची तारीख किती दिवसांनी, मधेच बिघडलं तर फोन कुणाला. पोरगं मरणाचं बोलत असेल तर तारखेची वाट बघू नका, त्याच दिवशी अपघात विभागात न्या. त्याआधी गोठ्यातलं तणनाशक कुलपात टाका.