जांभई देणाऱ्या मुखपृष्ठामागे

पेट शॉप बॉईज या ब्रिटिश जोडीचा 'अ‍ॅक्च्युअली' हा दुसरा अल्बम बहुतेकांना नाचण्याजोग्या गाण्यांसाठी आठवतो. मी मात्र गेली कित्येक वर्षे तो पैशावरचा अल्बम म्हणून ऐकत आलो आहे. त्या काळच्या लंडनमध्ये पैसा माणसांच्या मनात कुठवर शिरला होता, हे इतक्या थंडपणे सांगणारी पॉपची दुसरी तबकडी माझ्या तरी ऐकण्यात नाही.

तो सप्टेंबर १९८७ मध्ये आला. जूनमध्येच मार्गारेट थॅचर यांनी सलग तिसरी निवडणूक जिंकली होती. त्याआधी काही महिन्यांच्या अंतराने सरकारी गॅस कंपनी आणि सरकारी विमान कंपनी यांचे समभाग जनतेला विकून झाले होते. 'शॉपिंग' हे गाणे या विक्रीविषयी आहे. त्याच्या ध्रुवपदात त्या इंग्रजी शब्दाची आठही अक्षरे, बालवाडीतल्या मुलांनी घोकावीत तशी, एकेक करून म्हटली आहेत. मीही बराच काळ त्याला सेलच्या उत्साहाचे गाणे समजत होतो. देशच दुकानात मांडला आहे, हे उशिरा लक्षात आले.

पण माझ्या मते अल्बमचा गाभा 'रेंट' या गाण्यात आहे. दुसऱ्याच्या पैशावर राहणारी एक व्यक्ती त्यात बोलते. तिला प्रेम आहे, आणि घरभाडे समोरचा भरतो, ही दोन विधाने ध्रुवपदात नुसती शेजारी ठेवली आहेत, मध्ये एकही उभयान्वयी अव्यय नाही. मराठीत सांगायचे तर तिथे 'म्हणून' घालायचे की 'तरीही', हे ऐकणाऱ्याने ठरवायचे. जोडीतला गायक नील टेनंट हे गाताना ना तक्रार करतो, ना लाजतो. पुढे १९८९ मध्ये अमेरिकी गायिका-अभिनेत्री लायझा मिनेली यांनी हेच गाणे वाद्यवृंदासह संथ लयीत गायले. ते सुंदर आहे, पण त्यात दुःख उघड होते; मला मूळचा कोरडेपणाच अधिक बोचतो.

टेनंटच्या आवाजाला निर्विकार म्हणण्याची पद्धत आहे. तसे म्हणणाऱ्याने याच अल्बममधले डस्टी स्प्रिंगफील्ड यांच्यासोबतचे द्वंद्वगीत नीट ऐकावे. साठच्या दशकात गाजलेली ही गायिका तेव्हा प्रकाशझोताबाहेर होती. टेनंट बोलल्यासारखा गात असतो आणि मध्येच तिचा किंचित खरखरीत, भरलेला आवाज येतो. तो इतका भिडतो, कारण टेनंटने तोवर काहीच सांडू दिलेले नसते. ते गाणे ब्रिटन आणि अमेरिका दोन्हीकडे दुसऱ्या क्रमांकापर्यंत पोहोचले.

'इट्स अ सिन' माझ्या या मांडणीत बसत नाही, हे मान्य करतो. न्यूकॅसलच्या कॅथलिक शाळेतले टेनंटचे दिवस त्यामागे आहेत, आणि शेवटी तो चक्क लॅटिनमधली पापकबुलीची प्रार्थना पुटपुटतो. इटालियन चित्रपट-संगीतकार एन्निओ मोरिकोने यांच्यासोबत रचलेले, एड्सच्या सावटाखालचे गाणेही वेगळ्या वाटेने जाते. तरीही अल्बम विस्कळीत वाटत नाही. मुखपृष्ठावर काळ्या सूट-बोमध्ये जांभई देणारा टेनंट आणि शेजारी ढिम्म उभा असलेला जोडीतला दुसरा, ख्रिस लो, हे सगळ्याच गाण्यांना शोभतात.

शेवटचे गाणे 'किंग्ज क्रॉस'. उत्तर इंग्लंडमधून, टेनंटच्या मुलखातून, येणाऱ्या गाड्या ज्या स्थानकात थांबतात ते हे नाव. कामाच्या आशेने लंडनला आलेला माणूस तिथेच अडकतो, एवढाच त्याचा विषय. अल्बमनंतर दोनच महिन्यांनी, १८ नोव्हेंबरला, तिथल्या भुयारी स्थानकात आग लागून ३१ माणसे गेली, आणि तेव्हापासून या गाण्याला भविष्यवाणी म्हणण्याची हौस काहींना आहे. मला ती पटत नाही. आग लागण्याआधीही त्या फलाटावर माणसे उतरत होती आणि त्यांची वाट पाहणारे कोणी नव्हते. गाणे त्यांच्यावर आहे.