कुवेतच्या विमानफेऱ्यांचं श्रेय भलत्याच्याच खात्यात

व्हॉट्सॲपवर एक मजकूर अधूनमधून फिरत असतो: '१९९० मध्ये सद्दामने कुवेत गिळलं तेव्हा आपलं सरकार झोपलं होतं. एका उद्योगपतीने स्वतःच्या हिमतीवर पावणेदोन लाख भारतीयांना हवाई दलाच्या विमानांतून घरी आणलं.' ऊर भरून येतो खरा, पण यातलं फारच थोडं टिकतं.

सरकार झोपलं होतं? इराकी फौजा २ ऑगस्टला घुसल्या आणि त्याच महिन्यात परराष्ट्रमंत्री इंद्रकुमार गुजराल बगदादला जाऊन सद्दामला भेटले. त्या गळाभेटीच्या फोटोवरून टीका झाली, आणि फोटो होताही ओशाळवाणा. पण आपल्या लोकांना बाहेर पडू द्या, ही बोलणी तिथेच झाली.

हवाई दलाने सुरुवातीला काही फेऱ्या केल्या. मात्र लष्करी विमानाला परक्या देशांच्या हद्दीवरून जायला खास परवानग्या लागतात, आणि युद्धाच्या तोंडावर त्या मिळवणं म्हणजे डोकेदुखी. नागरी विमानाचं त्या मानाने सोपं. म्हणून भार एअर इंडियावर आला. गिनीज बुकातली नोंद अशी: ५९ दिवस, ४८८ उड्डाणं, १,११,७११ माणसं. भागाकार करून बघा, दर फेरीला सरासरी २२९ जण. रोजची आठेक उड्डाणं, आणि तीही प्रवासी विमानांची!

आणखी एक. कुवेतचा विमानतळ बंदच होता. लोक बसने बसरा, बगदाद करत जॉर्डनच्या सीमेवर पोचले. तिथे वाळवंटात, तंबूंत नंबर लागायची वाट बघत बसले. मग अम्मानहून थेट मुंबई, सुमारे ४,००० किलोमीटर. सहारला उतरणाऱ्यांत केरळचे सर्वाधिक, गोव्याचेही पुष्कळ.

पावणेदोन लाख हा कुवेतमधल्या एकूण भारतीयांचा ढोबळ आकडा. सगळे काही विमानाने आले नाहीत, कित्येक जण जहाजाने आले.

राहिला उद्योगपती. तो २०१६ च्या एका हिंदी चित्रपटाचा काल्पनिक नायक. कुवेतमधल्या सनी मॅथ्यूज, हरभजनसिंग वेदी यांच्यासारख्या खऱ्या माणसांनी अडकलेल्यांसाठी जिवाचं रान केलं, हे कुणी नाकारत नाही. पण त्यांच्याकडे विमानं नव्हती, आणि बगदादशी भारताच्या वतीने बोलायचा अधिकारही नव्हता.