लोखंडाची आहे का गं?

लिफ्टमध्ये शेजारच्या काकूंनी माझ्या गळ्यातली साखळी दोन बोटांत धरली, उजेडाकडे वळवली आणि विचारलं, "लोखंडाची आहे का गं?" आत आणखी तिघं होती. तिघांनीही मजल्यांचे आकडे बघायचं सोडून माझ्या गळ्याकडे बघितलं. "चांदीची आहे," मी म्हटलं. "असेल," काकू म्हणाल्या. तो 'असेल' अजून घशात अडकलाय.

संध्याकाळी साखळी साफ करायला घेतली, तर काकू दारात हजर. "बघू तरी, निघतं का ते."

खरी चांदीही काळी पडते, हे लोकांना पटवणं ती साफ करण्यापेक्षा अवघड. हवेतल्या हायड्रोजन सल्फाइडमधल्या गंधकाशी तिचा संयोग होतो आणि सिल्व्हर सल्फाइडचा थर बसतो: आधी पिवळट, मग तपकिरी, जांभळट, शेवटी काळा. दागिन्यावर ९२५ असा छाप असेल तर त्यात ९२.५ टक्के चांदी आणि उरलेलं बहुधा तांबं. दमट हवेत हे सगळं आणखी लवकर होतं. यात खोटेपणा कुठे आला?

"टूथपेस्ट लाव," काकू म्हणाल्या.

"टूथपेस्टमध्ये घासणारे बारीक कण असतात काकू. चरे पडतात."

"दातांना चालते ना? चांदी काय दातांपेक्षा नाजूक?"

"हो. काठिण्याच्या मोहस् मापावर दाताचं एनॅमल ५, चांदी २.५ ते ३."

काकू क्षणभर गप्प झाल्या. मला वाटलं, जिंकले. "म्हणजे माझे दात चांदीपेक्षा भारी," त्या म्हणाल्या. "आणि सगळे माझे आहेत बरं का, एकही काढलेला नाही."

मी पाणी तापवायला वळले, तेवढ्यात त्यांनी ओट्यावरची माझी अंगठी उचलून टूथपेस्टने घासायला सुरुवातही केली. फडकं काळं झालं. "बघ केवढा मळ!" मी सांगितलं, यात थोडं सल्फाइड आहे आणि बाकी खरवडलेली चांदी. लखलखीत चांदी घासलीत तरी फडकं काळंच होणार. त्यांनी तीच जागा पुन्हा घासली. काळं. पुन्हा घासली. काळं. "मुरलेला मळ आहे," काकूंनी निदान केलं.

अंगठीवर आता बारीक चऱ्यांचं जाळं आहे. ते पुसून जात नाही, पॉलिश करून वरचा थर उतरवावा लागतो. म्हणजे पुन्हा चांदीच जाणार. माझी.

चांदी न घालवता काळेपणा काढायचा तर काचेच्या किंवा चिनी मातीच्या भांड्यात तळाशी ॲल्युमिनियमची फॉइल पसरायची. चकचकीत बाजू वर की खाली, याने काही बिघडत नाही. लिटरभर नुकतंच उकळलेलं पाणी, त्यात चार मोठे चमचे खायचा सोडा, हवं तर चमचाभर मीठ. सोडा हळूहळू घालायचा, एकदम ओतला तर फसफसून ओट्यावर येतो. दागिना फॉइलला टेकलेला हवा, सगळी मेख इथेच आहे. गंधकाची ओढ ॲल्युमिनियमला चांदीपेक्षा जास्त, त्यामुळे गंधक चांदीला सोडतो आणि चांदी जागच्या जागी परत मिळते. साखळीचा गोळा करून टाकला तर वरच्या कड्या काळ्याच राहतात, म्हणून ती पसरायची आणि मधेच उलटायची. दोन ते पाच मिनिटं. थर जाड असेल तर नवी फॉइल, ताजं गरम पाणी आणि पुन्हा तेच.

हे होताना नासक्या अंड्यासारखा वास सुटतो. सुटलेल्या हायड्रोजन सल्फाइडचा. काकूंनी वास घेतला, माझ्याकडे बघितलं आणि न बोलता खिडकीशी जाऊन उभ्या राहिल्या. "हा साखळीचा वास आहे," मी म्हटलं. "असेल," काकू म्हणाल्या.

साखळी बाहेर काढल्यावर थोडी पांढुरकी, मंद दिसते. भरपूर पाण्याने धुवायची, कड्यांमधून मऊ ब्रश आणि भांड्यांच्या साबणाचं पातळ पाणी फिरवायचं, पूर्ण कोरडी करायची, मग मऊ फडक्याने हलकंसं पुसायची. मोती, ओपल, फिरोजा, डिंकाने चिकटवलेले खडे यांना या गरम पाण्यात घालायचं नाही. मुद्दाम काळवलेल्या नक्षीच्या दागिन्यालाही नाही, नाहीतर खाचांमधला काळेपणा जातो आणि नक्षी बोडकी दिसते. घरगुती उपाय सांगणारे हे कधीच सांगत नाहीत. 'एका मिनिटात नव्यासारखी' म्हणतात आणि पुढच्या उपायाकडे वळतात, मोती कुणाचे का जाईनात. विकणारेही दागिना देताना डबी देतात, पण तो रबरबँड किंवा लोकरीजवळ ठेवू नका, त्यात गंधक असतो, एवढं एक वाक्य त्यांच्या तोंडून निघत नाही. हवा काढलेली झिपची पिशवी आणि सिलिका जेलची पुडी, एवढ्यानेही पुष्कळ काम भागतं.

आज सकाळी लिफ्टमध्ये काकू होत्या, आणि तिघांपैकी दोघं. काकूंनी साखळी दोन बोटांत धरून त्यांच्याकडे वळवली. "बघा," त्या म्हणाल्या, "टूथपेस्टने निघाली."