पैसे दिलेत ना, मग डबा पण खा

श्रीखंडाचा अर्ध्या किलोचा डबा आणला की श्रीखंड दोन दिवसात उडतं आणि डबा राहतो, आणि तो टाकायचा नसतो हे आपल्याकडे पोर जन्माला येतं तेच शिकून येतं. आमच्या आईच्या ओट्याखाली असे एकोणतीस डबे आहेत, मोजलेत मी, झाकणं मात्र चोवीस. एकात साबुदाणा, एकात शिकेकाई, एकात नुसती कुठल्याच डब्याला न बसणारी झाकणं. एवढं करूनही मला वाटतं आपण डब्याचे पूर्ण पैसे वसूल करत नाही. श्रीखंडाबरोबर डब्याचेही मोजलेत ना, मग नुसता वापरून काय फायदा, तो पोटात गेला पाहिजे.

तर पहिलं म्हणजे गार होऊ द्यायचं नाही काही. आमटी चुलीवरून रटरटत असतानाच डब्यात ओता आणि झाकण घट्ट दाबा, म्हणजे वाफ झाकणाला आतून धरते आणि थेंब थेंब परत आमटीत पडते, वाया काही जात नाही. दुसऱ्या दिवशी डब्यासकट मायक्रोवेव्हमध्ये. टोमॅटोची किंवा चांगली तर्रीवाली भाजी असेल तर उत्तमच, कारण नंतर डबा घासताना बघा, भाजी जिथपर्यंत होती तिथं एक रेघ उमटलेली असते आणि त्या रेघेवर डबा खरखरीत झालेला असतो, बारीक पांढरे फोड आल्यासारखा. नखाने खरवडून बघा. तिथला डबा गेला कुठं? बरोब्बर. आणि हळदीने पिवळा झालेला डबा तर प्रत्येक घरात आहे, तीनदा घासला तरी जात नाही म्हणून आपण हळदीला शिव्या देतो. हळदीला आत शिरायला वाट आहे तर आतल्याला बाहेर यायला पण असणार, एवढा साधा विचार मात्र करायचा नाही हं, जेवण बेचव लागतं.

आता ज्यांना डब्याच्या पुढची पायरी गाठायची आहे त्यांच्यासाठी पीव्हीसी. हे मुळात एकदम कडक, आपल्या संडास-बाथरूमच्या पाइपासारखं. त्याची लवचिक नळी किंवा डायनिंग टेबलावरचं ते मऊ पारदर्शक कव्हर करायचं तर त्यात थॅलेट नावाचं तेलकट द्रव्य घालतात. पुरीच्या कणकेत मोहन घालतो ना, तसंच. फक्त मोहन आपण चमचाभर घालतो, आणि दवाखान्यातल्या मऊ नळीत वजनाच्या ३० ते ४० टक्के सुद्धा असू शकतं. हे मोहन प्लास्टिकला चिकटलेलं नसतं, मधेमधे नुसतं बसलेलं असतं, त्यामुळे ऊब मिळाली किंवा तेल-तूप दिसलं की निघालं फिरायला. शरीरात जाऊन हे महाशय मुख्यतः पुरुषी हार्मोनच्या कामात लुडबूड करतात. त्यामुळे वंशाचा दिवा वगैरे बोलणाऱ्या मंडळींनी तर थॅलेट अजिबात चुकवू नये.

बायकांच्या हार्मोनची नक्कल करणारं दुसरं आहे, बीपीए, बिस्फेनॉल ए. याची स्टोरी मला फार आवडते. १९३६ मध्ये लंडनला चार्ल्स डॉड्स नावाचे शास्त्रज्ञ इस्ट्रोजेनसारखं काम करणारं औषध शोधत होते आणि त्यांनी बीपीए तपासून बघितलं, तर ते खरंच तसं काम करत होतं, पण दोन वर्षांनी त्याहून कितीतरी जोरदार औषध सापडलं म्हणून हे मागे पडलं. म्हणजे साहेब औषधाच्या परीक्षेत नापास. मग १९५०च्या दशकात त्याच बीपीएपासून पॉलिकार्बोनेट बनवायला लागले, काचेसारखं स्वच्छ आणि न फुटणारं प्लास्टिक, आणि नापास झालेलं पोरगं थेट आपल्या पाण्याच्या बाटलीत नोकरीला लागलं. वशिला असावा तर असा.

बाळांच्या दुधाच्या बाटलीत बीपीए नको असं युरोपने २०११ मध्ये ठरवलं, आपल्याकडे २०१५ मध्ये मानकात आलं. बाळाला नको पण आजोबांना चालतं, म्हणून ऑफिसात आणि लग्नाच्या हॉलवर येणारे ते वीस लिटरचे निळे जार अजूनही पुष्कळदा पॉलिकार्बोनेटचेच असतात. जार घेताना टेंपो उन्हात किती वेळ उभा होता ते विचारा, तासभरच असेल तर म्हणावं अजून एक चक्कर मारून ये.

आणि हो, "बीपीए फ्री" लिहिलेलं दिसलं तर निराश होऊ नका. बऱ्याच ठिकाणी बीपीएच्या जागी त्याचाच चुलतभाऊ बीपीएस घातलेला असतो, नाक-डोळे तेच, हार्मोनच्या कामात लुडबूड पण तीच. बाळाची नवी बाटली पॉलिप्रॉपिलीन नावाच्या प्लास्टिकची असेल तर तिच्यात बीपीए नसतं हे खरं, पण डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजवाल्यांनी २०२० मध्ये अशा बाटल्यांत पावडरीचं दूध करतात तसं गरम पाणी घालून हलवून बघितलं तर लिटरमागे १ कोटी ६० लाखांपर्यंत प्लास्टिकचे कण निघाले. त्याच वर्षी आयआयटी खरगपूरने कागदी कप तपासला, त्याला आतून प्लास्टिकचा पापुद्रा असतो, तर १०० मिली गरमागरम पाणी १५ मिनिटं ठेवलं तर २५,००० कण. म्हणून कटिंग घाईघाईत पिऊ नका, गप्पा मारा, राजकारण काढा, १५ मिनिटं सहज होतात.

एक अडचण आहे ती प्रामाणिकपणे सांगतो. आपलं शरीर फार कृतघ्न असतं, एवढ्या कष्टाने घेतलेलं बीपीए दिवसभरात लघवीवाटे टाकून मोकळं होतं. म्हणून यात खंड पडून चालत नाही, सकाळी बाटलीतून, दुपारी ऑफिसच्या जारमधून, असं रोजच्या रोज भरत राहावं लागतं. ते आपण करतोच म्हणा.

कुणी फारच शहाणपणा करायला लागलं तर फॅमिली ग्रुपवर एक काका असतातच, ते लिहितात "अजून सिद्ध कुठे झालंय". अगदी बरोबर आहे काकांचं. पूर्ण सिद्ध होईपर्यंत खाऊन घ्यावं. २०२३ मध्ये युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने बीपीए रोज किती चालेल तो आकडा एका झटक्यात आधीच्या २० हजाराव्या भागावर आणला, म्हणजे ज्यांनी आधीच पोटभर खाल्लं ते नशीबवान.

यातलं बरंचसं वाचून चार वर्षांपूर्वी मी घरातलं प्लास्टिक काढलं होतं, स्टीलचे डबे, तांब्याची बाटली, आईशी तीन दिवस अबोला. त्याच महिन्यात ताईचं बाळ सातव्या महिन्यात झालं. काचेच्या पेटीत ठेवलं होतं, हात माझ्या अंगठ्याएवढा, आणि नाकात नळी, बेंबीत नळी, बाजूला रक्ताची छोटी पिशवी. सगळं मऊ, पारदर्शक. अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या अन्न-औषधांवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने, २००२ मध्येच सांगून ठेवलंय की मुलगा असलेल्या नवजात बाळांना शक्य असेल तिथं थॅलेट नसलेल्या नळ्या वापरा. मला हे पाठ होतं. तोंड उघडलं नाही. सिस्टर रात्रभर उभ्या होत्या, त्यांना काय विचारणार, मोहन किती टक्के? आणि गंमत म्हणजे पिशवीतलं थॅलेट रक्तात उतरतं हे १९७० पासून माहीत आहे, पण तेच थॅलेट साठवलेल्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटू देत नाही, त्यामुळे ते काढून दुसरं काही घालणं एवढं सोपं पण नाही. पोरगं आता सोफ्यावरून उड्या मारतं, त्या नळ्यांच्याच जिवावर.

तर त्या रात्री दोन वाजता भावोजी खालून चहा घेऊन आले, पातळ पिशवीत, वर रबर गुंडाळलेलं, पिशवी एवढी गरम की ते ती या हातातून त्या हातात करत होते, आणि खिशात चार कागदी कप. अशा वेळी काय करायचं तेवढं सांगून थांबतो. कप भिंतीच्या कडेला मांडा. रबर घाईत सुटत नाही, तेव्हा सरळ दाताने पिशवीचा कोपरा फोडा आणि बारीक धार धरा, सांडू देऊ नका.