ऊन द्या, पण लागू देऊ नका

"ऊन द्या, पण लागू देऊ नका," फॅलेनॉप्सिस या ऑर्किडची कुंडी हातात ठेवत रोपवाटिकेतला माणूस म्हणाला. मी मान डोलावली. त्याला तीन वर्षं झाली, पुण्यातल्या आमच्या गच्चीवर मी अजून त्या वाक्याचा अर्थ लावतोय.

लोखंडी सांगाडा, वर हिरवी शेडनेट, आत अकरा कुंड्या. मी याला हरितगृह म्हणतो, बायको पिंजरा म्हणते. पिंजऱ्यात कोण, ते सांगत नाही.

उजेड लक्समध्ये मोजतात. फॅलेनॉप्सिसला दहा-पंधरा हजार लक्स पुरतात, व्हँडा या दुसऱ्या ऑर्किडला त्याच्या दुप्पट-तिप्पट लागतात. एकीला पंखा हवा, दुसरीला सोसत नाही. संसारी माणसाला यात नवीन काही नाही. पण एप्रिलच्या दुपारी आमच्या गच्चीवर लाखभर लक्स ओतले जातात. 75 टक्क्यांची जाळी लावली तर उरतात पंचवीस हजार. दुहेरी केली तर सहा. मधलं काही आमच्या दुकानदाराकडे मिळेना.

दुहेरी जाळीखाली पानं गर्द हिरवी झाली. पाहुणे कौतुक करायचे. मला मात्र कळून चुकलं होतं, की गर्द पान म्हणजे उपाशी झाड. फूल येणार नाही. पान जरा पोपटी हवं. मोबाइलवर मोजावं, तर माझा फोन नऊ हजार म्हणे, मुलाचा सतरा. शेवटी तळहाताचा उपाय: पानाच्या वर फूटभर हात धरायचा, सावली पुसट पडली तर ठीक, रेखीव पडली तर ऊन जास्त. भरदुपारी मी कुंडीकुंडीवर हात धरून उभा असे. शेजारच्या काकूंनी निकालाच्या आदल्या दिवशी नातवाला माझ्या पाया पडायला पाठवलं.

उत्तरेची बाजू मी उघडीच ठेवली होती. उत्तरेकडून कुठलं आलंय ऊन! पण आपल्याकडे मे ते जुलै सूर्य वायव्येकडे मावळतो, हे शाळेत शिकलो ते नेमकं मेमध्येच आठवलं. तोवर चार पानांवर पांढरे चट्टे पडून काळे झाले होते. तिकडे सह्याद्रीत सीतेची वेणी हे रानातलं ऑर्किड झाडावर लोंबत मजेत फुलत असते. तिला कुणी हात दाखवत नाही.

मग एका थरावर बायकोची जुनी सुती साडी अंथरली. न विचारता. बारा हजार! सहा आठवड्यांनी फुलाचा दांडा दिसला. आनंदानं मी तिला वर बोलावलं.

तिनं दांड्याकडे पाहिलं, मग वर. साडी ओढून काढली, उजेडासमोर धरली. पट्ट्यापट्ट्यांनी रंग उडाला होता.

"अहो," ती म्हणाली, "ही किती टक्क्यांची?"