१३४७ साली काय झालं? (गुण १)

सकाळी ताईने व्हॉट्सॲपवर फोटो पाठवला. भाचीचा इतिहासाचा पेपर. खाली एकच ओळ, "तूच शिकवलंस, आता तूच निस्तर." चहा तसाच गार झाला. दिवसभर ऑफिसात डोकं ठणकत होतं, म्हणून आता लिहूनच टाकते.

प्रश्न असा: एका वाक्यात उत्तर लिहा. इ.स. १३४७ मध्ये कोणती महत्त्वाची घटना घडली?

पोरीने लिहिलंय, "इ.स. १३४७ मध्ये सिसिलीतील मेसिना बंदरात प्लेगची जहाजे आली."

त्यावर लाल पेनाने ही मोठी फुली. समासात शून्य, तेही दोनदा गिरवलेलं. एकदा काढून भागलं नसतं का हो?

हवं असलेलं उत्तर होतं बहमनी राज्याची स्थापना. ते तुम्हाला माहीत आहे, मला माहीत आहे आणि तिलाही माहीत आहे. तिला तर तारीखसुद्धा पाठ आहे, ३ ऑगस्ट. कारण दिवाळीच्या सुट्टीत मीच तिला दौलताबादला घेऊन गेले होते.

तिथे किल्ल्यातल्या अंधारीत, म्हणजे त्या काळोख्या भुयारी वाटेत, वटवाघळांचा तो उग्र दर्प. भाचीने रुमाल नाकाला घट्ट धरलेला. गाइड रंगात येऊन सांगत होता, शत्रू इथे शिरला की कसा चकायचा, वरून उकळतं तेल कसं ओतायचे. आणि ही मध्येच मला विचारते, "मावशी, तो पहिला बहमनी सुलतान हसन इथे गादीवर बसला तेव्हा बाकीचे काय करत होते?" म्हटलं, बाकीचे कोण? तर म्हणे, "बाकीचे. जगातले."

मला उत्तर आलं नाही. चाळीस वर्षांची बाई, इतिहासात बी.ए. केलेली, आणि उत्तर आलं नाही. कारण मलाही इतिहास उभाच शिकवला. यादव, मग खिलजी, मग तुघलक, मग बहमनी. एकावर एक रचलेले डबे. आडवा कुणी शिकवलाच नाही.

बाहेर आल्यावर पायरीवर बसलो, सीताफळं फोडली आणि चिकट बोटांनी मोबाइलवर शोधत राहिलो. दख्खनच्या अमीरांनी तुघलकाविरुद्ध बंड केलं, आधी इस्माईल मुखला सुलतान केलं आणि त्याने गादी हसनकडे सोपवली, ती ३ ऑगस्टला. त्याच ३ ऑगस्टला (काही जण ४ लिहितात, ठाऊक आहे, कमेंटमध्ये सांगायला येऊ नका) तिकडे फ्रान्समध्ये कॅले शहर इंग्रजांच्या राजाला शरण गेलं. अकरा महिने वेढा. खायला काही उरलं नव्हतं. शहरातली सहा मोठी माणसं गळ्यात दोर अडकवून, हातात किल्ल्या घेऊन राजा एडवर्डसमोर आली. तो म्हणे, मुंडकी उडवा. तिकडच्या बखरकाराने लिहिलंय की राणी फिलिपा गरोदर होती, ती गुडघ्यांवर बसून रडली, तेव्हा कुठे ते सहा वाचले. त्याच वर्षी रोममध्ये एका खानावळवाल्याचा पोरगा, कोला दि रिएंझो, मे महिन्यात सरदारांना हाकलून सत्ताधीश झाला आणि डिसेंबरात पळून गेला. आणि ऑक्टोबरात काळ्या समुद्राकडून निघालेली, इटलीतल्या जेनोआवाल्यांची जहाजं प्लेग घेऊन मेसिनाला लागली. पुढच्या चार-पाच वर्षांत युरोपातली निदान एक तृतीयांश माणसं संपली.

आता सांगा, प्रश्नात "महत्त्वाची" हा शब्द कुणी घातला? पोरीने? ती ताईला म्हणाली, "मी सगळ्यात महत्त्वाची लिहिली." यावर तुमच्याकडे उत्तर असेल तर द्या. माझ्याकडे नाही.

हो, मान्य. धडा बहमनीचा होता, तर बहमनी लिहायला हवं होतं. त्या राज्यातून पाच शाह्या फुटल्या नसत्या तर आपला पुढचा इतिहासच वेगळा झाला असता, तेही कबूल. बाईंना साठ पेपर तपासायचे असतात, मधे पोषण आहाराची नोंद, मधे जनगणना. झालं? मानलं. पण फुलीशेजारी "हेही बरोबर, पण धड्यातलं लिही" एवढं लिहायला किती शाई लागते?

गंमत म्हणजे दौलताबाद आणि तो प्लेग, दोन्ही पाहिलेला एक माणूस होऊन गेलाय. इब्न बतूता, मोरोक्कोचा प्रवासी. तुघलकाच्या पदरी दिल्लीत काझी होता, दौलताबादला येऊन गेला. इथल्या किल्ल्यात "उंदरांची गुहा" नावाची एक कोठडी होती आणि तिथले उंदीर मांजरांपेक्षा मोठे, असं त्याने सांगितलंय. हे वाचल्यावर भाची पाय वर घेऊन बसली, पुढच्या पायरीवर उतरायलाच तयार नाही. तोच माणूस १३४७ साली परतीच्या वाटेवर होता आणि पुढच्या वर्षी सीरियात त्याच्या डोळ्यांसमोर प्लेग येतो. दमास्कसचे लोक तीन दिवस उपास करून रस्त्यावर प्रार्थनेला निघालेले त्याने पाहिले. दौलताबादचे उंदीर आणि दमास्कसचा प्लेग, एकाच माणसाच्या आठवणीत. आणि आपण म्हणायचं, हे आपल्या अभ्यासक्रमात नाही.

लिहिता लिहिता राग जरा उतरलाय. खरं सांगायचं तर त्या पायरीवर तिला फिलिपाची पुढची गोष्ट मी सांगितली नाही. सहा परक्या माणसांसाठी रडलेल्या त्या राणीची लेक, जोन, १३-१४ वर्षांची, १३४८ मध्ये लग्नासाठी स्पेनमधल्या कॅस्टीलला निघाली आणि वाटेत बोर्डोला प्लेगने गेली. आमची सध्या १२ ची आहे. सीताफळाच्या बिया मोजून रांगेत लावत होती. नाही सांगवलं.

दुपारी ताईला फोन केला, म्हटलं शाळेत येते, बोलते बाईंशी. ताई म्हणाली, "अजिबात नाही. पेपरवर सही करून पाठवलाय मी. आणि तिने फुलीखाली पेन्सिलने काहीतरी लिहिलं होतं, ते खोडायला लावलं."

काय लिहिलं होतं विचारलं, तर म्हणे, "त्याच दिवशी कॅलेसुद्धा पडलं, बाई."